अनंताची अर्धी मुळं

माझा नवरा रविवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडायला लागला तेव्हाच मी ओळखलं, कुठेतरी पाणी मुरतंय. एरवी रविवारी दुपारच्या जेवणापर्यंत या माणसाच्या अंगावर झोपायचा सदरा असतो आणि त्याची वरची गुंडी तुटलेली असते. मी शिवणकाम करते. अख्ख्या गल्लीच्या गुंड्या लावून देते. ह्याची तेवढी राहून गेली, कारण ह्यानं कधी तोंड उघडून सांगितलंच नाही.

"कुठे निघालास?"

"वर्गाला."

"कसल्या वर्गाला?"

"बोन्सायच्या."

एवढं बोलून गेला. त्याच्या मानानं हे भाषणच झालं. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणाऱ्या एका छोट्या कारखान्यात तो काम करतो. दिवसभर लोकांचे जबडे हातात धरून बसतो, स्वतःचा मात्र उघडत नाही.

मी उसवत होते ती बाही तशीच टाकली आणि समोर बेकरीत गेले. बेकरीवाली माझी जुनी मैत्रीण. तिचं लक्ष पावापेक्षा लोकांच्या संसारात जास्त.

"शिकवायला कोण आहे? बाई?"

"बाईच आहे म्हणे."

"मग झालं!"

"काय झालं?"

"काही नाही गं. माझ्या बहिणीचा नवरा असाच एकदा पोहायला शिकायला लागला होता."

"मग?"

"शिकला की. चांगला पोहतो आता. फक्त राहतो दुसरीकडे."

अशी मैत्रीण असली की शत्रू वेगळा लागत नाही. त्या दिवसापासून माझं लक्ष शिवणात कमी आणि नवऱ्यात जास्त. रविवारी तो आला की शर्ट धुवायला घ्यायच्या निमित्तानं मी हुंगून बघायची. वास यायचा ओल्या मातीचा. नखांत माती, खिशात कवळीच्या तारेचे तुकडे आणि एकदा चक्क एक गांडूळ. बाईच्या नादी लागलेला पुरुष खिशात गांडूळ घेऊन हिंडत नाही, एवढं मलाही कळतं. तरीपण मनातली शंका जाईना. हा माणूस शीळ घालत होता हो! इतक्या वर्षांत मी ह्याची शीळ ऐकली नव्हती.

आमचं घर म्हणजे खाली रस्त्याच्या बाजूला माझं शिवणाचं दुकान, मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराबाहेर एक पट्टाभर बाग. घर सासऱ्यांनी बांधलेलं, म्हणून ह्याचं आणि माझ्या धाकट्या दिराचं निम्मं निम्मं. दीर दुसऱ्या गावी असतात. बाग मात्र संपूर्ण माझी. तिच्यात दाराजवळ अनंताचं झुडूप. लेक झाली तेव्हा हॉस्पिटलमधून घरी येताना तिथल्या आवारातली फांदी मी चोरून आणली होती, बाळाच्या दुपट्यात गुंडाळून. लेक वाढली, नोकरीला लागली, लांब गेली. अनंत तिथेच राहिला, माझ्या खांद्यापर्यंत आला, मनगटाएवढा बुंधा झाला. फुलं आली की गिऱ्हाइकं माप द्यायला म्हणून यायची आणि वास घेत बसायची. मी त्याच्याशी बोलते. हो, बोलते. घरात दुसरं कोणी उत्तर देत नसेल तर माणसानं काय करायचं?

गेल्या वर्षी फुलांचा बहर संपल्यावर नवऱ्यानं अनंताच्या भिंतीकडच्या बाजूला खणायला घेतलं.

"काय चाललंय?"

"खत घालतोय."

वर्गात शिकलेलं काही तरी करतोय म्हणून मी सोडून दिलं. पण माती भरून झाल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं गिऱ्हाईक कापड आखूड आणून माझ्याकडे बघतं. मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

मग यंदा एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "धाकट्याचा फोन होता. घर विकायचं म्हणतोय."

मी घास खाली ठेवला. "कुठलं घर?"

"हेच."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? त्याचं निम्मं आहे. मलाही आजच कळलं."

मग मी घर डोक्यावर घेतलं. खोटं कशाला सांगू? भांडी आपटली, दिराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यात ह्याच्याही आल्याच. फोन उचलला तर ह्यानं हात धरला. "त्याला नको विचारूस. अडचणीत आहे बिचारा. त्यालाच ओशाळल्यासारखं झालंय." मी फोन ठेवला. मग रडले. स्टेशनापलीकडे नव्या उंच इमारतीत दोन खोल्या बघून ठेवू म्हणाला. तिथे बाग कुठली? खिडकीला लोखंडी जाळी आणि खाली मोटारी.

"माझ्या अनंताचं काय?" मी विचारलं.

तो पुढच्या रविवारी वर्गाला गेला नाही. सकाळीच बागेत उतरला. फावडं, करवत, कवळीच्या तारा, सगळं मांडून बसला. अनंत त्यानं गुडघ्याइतका छाटला, अलगद बाहेर काढला, एका पसरट टबात बसवला. उरलेल्या फांद्यांना तार गुंडाळून हळूहळू आडव्या वळवल्या. वाकवताना श्वास रोखून धरायचा. "आधी वर्षभर टबात," म्हणाला. "मग ट्रेमध्ये. बोन्साय होईल. खिडकीत राहील. फुलं तेवढीच मोठी येतात, वासही तोच."

मी दारात उभी होते. डोळे भरून आले माझे. माझ्यासाठी हा माणूस तारा वाकवायला शिकला, आणि मी त्याचे शर्ट हुंगत बसले! त्या दिवशी मी त्याच्या सदऱ्याला ती गुंडी लावली. बेकरीत जाऊन मैत्रिणीला चांगलं सुनावून आले.

पण अनंताची पानं पिवळी पडायला लागली. रोज टबाखाली चार-दोन गळलेली. नवरा म्हणे होतं असं. मला धीर निघेना. एका दुपारी तो कामावर असताना बेकरीची गाडी पाव पोचवायला त्या बाजूला निघाली होती, तिच्यात मी टब मांडीवर घेऊन बसले आणि बोन्सायवालीकडे गेले. खरं सांगायचं तर झाडाची काळजी होतीच, पण ती बाई बघायचीही होती. मनाचा एक कोपरा अजून साफ झाला नव्हता.

बाई निघाली माझ्याहून मोठी, रबरी बूट घातलेली, आवाज फाटका. पत्र्याच्या शेडमध्ये फळ्यांवर लहान लहान झाडं ओळीनं मांडलेली आणि ती त्यांच्यावर खेकसत फिरत होती. मला आवडलीच.

"अच्छा, म्हणजे तुम्ही त्यांच्या बायको!" म्हणाली. "पाणी कोण घालतं ह्याला?"

"सकाळी तो घालतो."

"आणि संध्याकाळी?"

"मी."

"मग बुडवताय की दोघं मिळून! एकानंच घाला." तिनं झाड टबातून उचलून माती हातानं मोकळी केली आणि मुळं माझ्यासमोर धरली. "बाकी काम मात्र नंबर एक केलंय तुमच्या मिस्टरांनी. वर्गात कोणाची इतकी चिकाटी नाही. हे बघा."

मी बघितलं. एका बाजूची मुळं जाड होती, तोडलेली तोंडं अजून पांढुरकी, ओली. दुसऱ्या बाजूची तोंडं काळपट, बुजलेली, आणि त्यांच्याभोवती बारीक मुळांचा झुबकेच्या झुबके. उसवलेल्या जागी पुन्हा शिवलेलं कापड मला लांबूनही ओळखू येतं. इथेही आलं.

"ही बाजू जुनी आहे," मी म्हणाले.

"मग! गेल्या वर्षीची ती. अनंत फार हळवा. सगळी मुळं एकदम तोडली तर वाळून जातो. म्हणून आधी जमिनीतच एका बाजूला चर खणायचा, अर्धी मुळं तोडायची, भुसभुशीत माती भरायची. वर्षभर ते उरलेल्या अर्ध्यावर जगतं, इकडे नवी मुळं धरतात. मग उरलेली अर्धी तोडून बाहेर काढायचं. झाडाला कळतसुद्धा नाही."

"गेल्या वर्षीच ठरलं होतं त्याचं?"

"आले तेच मुळी त्यासाठी. पहिल्याच दिवशी म्हणाले, पुढच्या वर्षी घर सोडायचंय, बायकोचं झाड आहे, ते जगवून न्यायचंय. बाकीच्यांना छंद असतो, ह्यांना काम होतं." मग ती माझ्याकडे पाहून थांबली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं की," मी म्हणाले. परक्या बाईसमोर काय सांगणार?

परतताना टब पुन्हा मांडीवर. गाडीत गरम पावाचा वास, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली. आजच कळलं म्हणे! वर्षभर हा माणूस मूग गिळून बसला होता. आणि मग एकेक आठवायला लागलं. बागेतला लाकडी बाक कुजलाय म्हणून त्यानं देऊन टाकला. बाक चांगला ठणठणीत होता. दुसरं मशीन जागा अडवतं म्हणून लेकीकडे पाठवलं. रोज संध्याकाळी मला फिरायला न्यायचा, कुठे, तर स्टेशनापलीकडे. त्या इमारतीखालच्या बाकावर बसायचो आम्ही. लिफ्ट किती बरी, म्हणायचा. वरून वारा किती येत असेल, म्हणायचा. मला वाटलं, उतारवयात नवरा जरा प्रेमानं वागतोय. तो माझ्याही एका बाजूला चर खणत होता, आणि मला कळतसुद्धा नव्हतं.

घरी पोचले ती थेट फोनकडे. नको विचारूस म्हणे! आता तर विचारणारच.

"भाऊजी," मी म्हटलं, "घर विकायची एवढी कसली घाई लागलीय तुम्हाला?"

"मला? वहिनी, विकायचं दादानं काढलंय. गेल्या वर्षी. मी कशाला काढू?"

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, तुमचे गुडघे गेलेत. जिना झेपत नाही, बाग झेपत नाही, तुम्हीच मागे लागलाय. मी म्हटलं, वहिनीच म्हणत असतील तर माझी काय हरकत."

"माझे गुडघे? अहो भाऊजी, मी दिवसभर मशीन पायानं चालवते!"

"म्हणजे तुम्हाला नाही विकायचं?"

"मला कोणी विचारलंय का?"

दीर माणूस सरळ. लगेच म्हणाले, "वहिनी, तुमची इच्छा नसेल तर मी सही करत नाही. संपला विषय."

संपला कसला. खुर्चीवर बसले ती बसूनच राहिले. घर वाचलं होतं, ज्यासाठी मी महिनाभर रडत होते ते वाचलं होतं, आणि मला एवढासाही आनंद होत नव्हता.

नवरा आला. मी टब जेवायच्या टेबलावर, त्याच्या ताटाच्या जागी ठेवला होता. माती बाजूला केलेली, मुळं उघडी. त्यानं पाहिलं. जुन्या बाजूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो शहाणा आहे, त्याला सांगावं लागलं नाही.

"भाऊजींना फोन केला होता," मी म्हणाले.

तो बसला. खिशातली तार काढून बोटाला गुंडाळत, सोडत.

"बोल," मी म्हटलं. "आज बोल. नाहीतर मी त्या कवळ्यांशी बोलायला जाते, त्यांना निदान दात तरी आहेत."

"तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"अर्थात नाही म्हणाले असते!"

"मग?" तो म्हणाला. "म्हणून नाही सांगितलं."

इतक्या साध्या सुरात! जणू सगळा दोष माझ्या 'नाही'चा.

"पण का? काय खुपतंय तुला या घरात?"

आणि मग तो बोलला. लग्न झाल्यापासून बोलला नसेल इतकं. "मी घरी येतो तेव्हा तू दुकानात असतेस. गिऱ्हाइकं असतात. मागच्या दारानं आत येतो, चहा करून घेतो, वर जातो. तू वर येतेस ती झोपायला. लेक होती तोवर घरात आवाज होता. आता मी वरच्या खोलीत बसतो आणि खालून तुझं मशीन ऐकतो. तिथे दोनच खोल्या आहेत. तू कुठेही असलीस तरी दिसली असतीस." मग टबाकडे बघत म्हणाला, "झाड मी मारलं असतं का? त्याला जगवायलाच तर शिकलो."

मला त्याच्या गालावर हात ठेवावासा वाटला. आणि त्याच हातानं एक ठेवून द्यावीशीही वाटली. दोन्ही एकदम. शेवटी मी नुसतं म्हणाले, "माझे गुडघे ठणठणीत आहेत."

"माहीत आहे."

"भावाशी खोटं बोललास. माझ्याशी खोटं बोललास. तेही माझ्याच नावानं."

"हो."

"मला एकटं वाटतं, एवढं एक वाक्य नाही म्हणता आलं तुला?"

त्यानं मान हलवली. नाही आलं. मला त्याची कीव आली, आणि राग जराही कमी झाला नाही.

दुसऱ्या सकाळी अनंत आम्ही पुन्हा जमिनीत लावला. त्यानं खड्डा घेतला, प्रत्येक वेळी विचारून. इथे? एवढा खोल? तारा काढू? मी म्हटलं, काढ. बोन्सायवाली फोनवर म्हणाली, जगेल, पण खांद्यापर्यंत यायला बरीच वर्षं जातील. जाऊ देत. पाणी एकटी मीच घालते. महिन्याभरात बुंध्यावर हिरवे डोळे फुटले.

दुकानात मी एक आरामखुर्ची आणून टाकली. संध्याकाळी कामावरून आला की तो तिथे बसतो, मांडीवर एखादं लहान झाड घेऊन. गिऱ्हाइकं त्याला झाडांबद्दल विचारतात आणि तो चक्क उत्तरं देतो. एकीला तर परवा अर्धा तास छाटणी समजावत होता. तिचं माप घ्यायचं राहूनच गेलं. मला बरं वाटतं. मशीन चालवताना मान वळवली की तो दिसतो.

आणि प्रत्येक गोष्ट विचारतो. हा डबा हलवू? ही कुंडी टाकून देऊ? बाजारातून येताना वळसा घालून येऊ? मी हो म्हणते. मग काम अर्धवट टाकून, तो काय करतो ते खिडकीशी जाऊन बघते. फिरायला जाऊ या म्हणाला तर पहिला विचार येतो, कुठे नेतोय? माझ्यासाठी चहा करून आणला तर कपाकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघते. त्याला ते कळतं. तो कप ठेवतो आणि खुर्चीत जाऊन बसतो. बेकरीवाली म्हणते, अगं, आता तर सुतासारखा सरळ झालाय, आणखी काय हवं? काय हवं ते मला सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात म्हणाला, "धाकट्याकडे जाऊन येऊ का? दोन दिवस. माफी मागायला हवी त्याची. तोंडानं, फोनवर नको."

"जा की," मी म्हणाले. "चांगलंच आहे. जायलाच हवं."

मी त्याची पिशवी भरली. बरोबर बिस्किटं दिली. दारात उभी राहून हात हलवला, अगदी तो कोपऱ्यावर वळेपर्यंत. मग आत येऊन मशीनवर बसले, एक परकर शिवला, तो तिरका गेला, उसवला. भाऊ भाऊ बसतील. बोलतील. बोलता बोलता पुन्हा घराचा विषय निघेल. कोणी सांगावं? पोचायची वेळ होऊन गेली तसा मी फोन लावला.

"हो वहिनी," दीर म्हणाले, "आत्ताच आला. हातपाय धुतोय. बोलावू का?"

"नको, नको."

"काही निरोप?"

"काही नाही. आणि भाऊजी... मी फोन केला होता हे त्याला सांगू नका."

"बरं," म्हणाले.